सूचना: रविवारी चित्रशाळा आणि खतकुंडीची आवराआवर

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत आपल्या केंद्राची चित्रशाळा, मातीकामाची खोली आणि मागची खतकुंडी आवरायची आहे. प्रत्येक गटातून निदान दोघांनी यावं. त्या दिवशी वर्ग होणार नाहीत.

येण्याआधी एवढं वाचा:

– जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवा. यात कुणालाही सवलत नाही, जुन्या सभासदांना तर मुळीच नाही.

– ॲक्रिलिक रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमध्ये किंवा झाडांना घालू नका. ते शेवटी प्लास्टिकच. ब्रश आधी चिंधीला पुसा, मग बादलीत धुवा. तळाशी बसलेला गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात जाईल.

– मातीकामाची खोली कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. त्या धुळीतली सिलिका (वाळूतलं खनिज) फुफ्फुसांना घातक असते. न भाजलेली माती फेकू नका, भिजवून पुन्हा वापरता येते.

– खतकुंडीत चकचकीत छापील कागद नको. वाळका पाला, साधा पुठ्ठा मात्र हवाच आहे. सध्या ओलं जास्त झाल्याने वास सुटलाय.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत फलकावर नाव लिहावं. हातमोजे आपापले आणा. झाडू-बादल्या इथे आहेत.

– व्यवस्थापन समिती