सायकलच्या जोडगाडीलाही वाट द्या

पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या गिअरच्या माउंटन बाइकला मी मागून ओढायची दोन चाकांची जोडगाडी (ट्रेलर) लावली आहे. मागच्या चाकाच्या आसाला ती एका खिटीने अडकते. बिबवेवाडीहून मार्केट यार्डला जाऊन आठवड्याची भाजी, दहा किलोचा तांदूळ, गिरणीतले दळण, रद्दी, सगळे तीवरच येते-जाते. ओझे कॅरिअरवर नसून जमिनीलगत असते, त्यामुळे सायकल डुलत नाही. परतीचा चढ लागला की पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चक्र घ्यायचे. दोन्हींना दाते २८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. वेग माणसाच्या चालीइतका होतो, पण उतरावे लागत नाही. पावसात मात्र रबरी ब्रेक उशिरा लागतात, म्हणून अंतर राखूनच चालवते.

खरी अडचण सायकल मार्गाच्या तोंडाशी येते. गाड्या शिरू नयेत म्हणून लावलेले खांब इतके जवळ आहेत, की पाऊण मीटर रुंदीची जोडगाडी त्यांतून जात नाही. दुचाक्या मात्र खुशाल आत शिरतात! मग मला भर वाहतुकीत, बसच्या बाजूने जावे लागते. खांबांमधले अंतर सव्वा मीटर ठेवले तरी मोटार आत येणार नाही; जोडगाडी आणि अपंगांची तीनचाकी मात्र सहज जाईल. कधीकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात एवढा बदल पावसाळ्याआधी व्हावा, ही कळकळीची विनंती.

– एक सायकलस्वार गृहिणी, पुणे