फुटपाथवरून फोटो काढायला मनाई नक्की कोणाची?

संपादक महाशय,
नमस्कार.

मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, चर्चगेट या भागात रविवारी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना 'फोटो नहीं निकालने का' हे वाक्य आता पाठ झालं असेल. मोबाईलवाल्याला सहसा कोणी काही बोलत नाही, पण गळ्यात मोठा कॅमेरा दिसला किंवा ट्रायपॉड उघडला की गेटवरचा गार्ड खुर्चीतून उठलाच म्हणून समजा. आजकालच्या मोबाईलने पाचव्या मजल्यावरची कबुतरंसुद्धा मोजता येतात, पण तो चालतो!

माझी भाची आर्किटेक्चरला आहे. कॉलेजने तिला एका जुन्या दगडी इमारतीचं डॉक्युमेंटेशन दिलंय, खिडक्यांच्या कमानी, बाल्कनीखालचे ब्रॅकेट, मालाड स्टोन कुठे कुठे झिजलाय वगैरे. इमारत खासगी आहे, आत जायचा प्रश्नच नव्हता, ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून फोटो घेत होती आणि मी आपला पाण्याची बाटली धरून शेजारी, तर गार्ड रस्ता ओलांडून आला. परमिशन दाखवा म्हणाला. कॉलेजचं लेटर दाखवलं तर हे नाही, आमच्या ऑफिसचं पाहिजे, आणि ऑफिस रविवारी बंद. मग घेतलेले फोटो डिलीट करा म्हणे. कोणता नियम विचारलं तर एकच उत्तर, सिक्युरिटी. त्या माणसावर माझा काडीचा राग नाही, बारा तास उन्हात उभं राहायचं आणि वरून साहेबाचा फोन आला की ओरडा खायचा, त्याने तरी काय करावं. पण त्याला सांगणाऱ्या साहेबाला तरी नियम माहितीये का?

कारण मी नंतर बसून वाचलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सरळ लिहिलंय की इमारतीचा फोटो काढणं किंवा छापणं म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही. उरला ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, 1923 चा. त्यात निषिद्ध ठिकाण कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे, लष्कराच्या जागा, दारूगोळा, गोदी असं सगळं, आणि 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तर सांगितलं की पोलीस स्टेशनसुद्धा त्या व्याख्येत बसत नाही! मग एखाद्या कंपनीच्या ऑफिसचा दर्शनी भाग कुठून बसणार? आणि खासगी गार्डला कोणाचा फोन हातात घ्यायचा किंवा फोटो डिलीट करायला लावायचा अधिकार मला तरी कुठल्या कायद्यात दिसला नाही.

यावर लोक लगेच 26/11 काढतात. मुंबईकर म्हणून ती भीती मलाही आहे, पण डेव्हिड हेडलीने ताजची रेकी केली ती गेस्ट म्हणून आत राहून, समोर ट्रायपॉड लावून नाही. शिवाय 2022 पासून गूगलचा स्ट्रीट व्ह्यू मुंबईत चालू आहे, म्हणजे कोणीही जगात कुठेही बसून ती फोर्टमधली गल्ली बघू शकतो, फक्त त्या गल्लीत उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने फोटो काढायचा नाही. नेव्हल डॉकयार्डच्या लायन गेटसमोर कॅमेरा काढू नका म्हटलं तर कोण वाद घालेल? तिथे कारण आहे. कोणाच्या बेडरूमच्या खिडकीवर झूम लावणाऱ्याला हाकललं तरी माझं काही म्हणणं नाही, ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या बिल्डिंगांमध्ये माणसं राहतात, त्यांनाही त्रास होत असणार.

पण त्याच आर्ट डेको आणि समोरच्या गॉथिक इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला, त्यासाठी तिथल्या रहिवाशांनीच वर्षानुवर्षं खटपट केली होती. खुद्द हायकोर्टात आणि महापालिकेच्या मुख्यालयात गाईड घेऊन हेरिटेज वॉक चालू झाले. म्हणजे सरकारी इमारती लोकांना आत बोलवतायत आणि खासगीवाले रस्त्यावरून बघू देत नाहीत. वर हेरिटेज इमारत म्हणून टीडीआर (म्हणजे तिथे न करता येणारं बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क) मागताना ती शहराचा ठेवा असते बरं का, फोटो काढायला गेलं की मात्र खासगी प्रॉपर्टी. (हे मी सगळ्याच मालकांबद्दल बोलत नाहीये, काही जण हौसेने इमारतीचा इतिहास सांगत बसतात, तेही बघितलंय.)

माझं मागणं एवढंच. जिथे खरोखर बंदी आहे तिथे ठळक बोर्ड लावा, मराठीत, आणि त्यावर कोणत्या कायद्याचं कोणतं कलम आणि कोणाचा आदेश ते लिहा. बोर्ड नसेल तर फुटपाथवरच्या माणसाला अडवू नका, हे पोलीस आयुक्तांनी एका परिपत्रकात सिक्युरिटी एजन्सींना कळवलं तरी पुरे, आणि हेरिटेज समितीने लिस्टेड इमारतींच्या मालकांना वेगळं पत्र पाठवावं. तुमच्या वार्ताहराने जमलं तर आयुक्तालयात विचारून छापावं की असं परिपत्रक काढायला अडचण काय आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)