१८८२चं न झालेलं वादळ

कुर्ला, मुंबई

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला मजकूर वाचला. ६ जून १८८२, मुंबईवर चक्रीवादळ, लाख माणसं बुडाली. खरं आहे का, असं विचारलंस. दिल्या, असं काही घडलंच नाही. १८८१च्या जनगणनेत अख्खी मुंबई पावणेआठ लाखांची. त्यातली लाख गेली असती तर घरटी सुतक असतं! कुलाब्याची वेधशाळा चालू होती, वर्तमानपत्रं निघत होती. अभ्यासकांनी धुंडाळलं, मागमूस सापडला नाही. तरी एकाचं बघून दुसरा तो आकडा उतरवत गेला. नोव्हेंबर १८५४ आणि नोव्हेंबर १९४८ची वादळं मात्र खरोखर आली होती, ती कुणाच्या ओठांवर नाहीत. याची मला फार चुटपुट लागते.

आमची आजी सोलापूरकडची. तिला सनावळ्या येत नव्हत्या, पण "बहात्तरच्या दुष्काळात तुझी आत्या पोटात होती," हे ती ठाम सांगायची. दिवस गेलेले असताना ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं मिळे, रेशनला तांबडी मिलो ज्वारी. त्या भाकरीचं नाव काढलं तरी तोंड फिरवायची. जुन्या लोकांनी १३९६च्या सुमारास सुरू झालेल्या दुष्काळाला दुर्गादेवीचं नाव दिलं, म्हणून तो सहाशे वर्षं आठवणीत टिकला. मंगळवेढ्यात तर पाऊस किती पडला नाही हे कुणी सांगत नाही. दामाजीपंतांनी कोठारं उघडली, एवढंच सांगतात.

आणि आपली सव्वीस जुलै. साल सांगावंच लागत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला अवघा ७३. फोर्टातल्या माणसांना आमचं बोलणं खरंच वाटेना. आमच्या चाळीत तळमजल्याच्या एका चौकटीवर पाणी चढलं तिथे कुणीतरी खिळ्याने रेघ ओढली होती. पुढे रंग लावताना रंगाऱ्याने तेवढी जागा सोडली. कुणी म्हणे ढगफुटी, कुणी प्लास्टिकच्या पिशव्या, कुणी भरती, कुणी मिठी नदीतला भराव. माझ्या मते मिठीचा गळा आवळला हे सगळ्यांत मोठं. तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली गटारं बिचारी काय करणार?

काकू अजून खणखणीत आहेत तोवर त्यांना बहात्तरबद्दल विचार. कुठल्या कामावर होत्या, मजुरी काय होती, पाणी कुठून आणत. त्या सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून मला पाठव. मी आजीचं लिहायला घेतलंय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत