सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण नाशिकच्या त्या डे-केअरमध्ये ज्यांनी केमो घेतली त्यांना बरोबर कळेल.

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि सगळ्या गावाने सल्ले दिले. दिंडोरीच्या मामेसासऱ्यांनी द्राक्षांची पेटी आणली, तर ती मी खायची की नाही यावर घरात बैठक बसली! नवरा-बायकोबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांनी काढला नाही, आणि आमची विचारायची छाती नव्हती. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. "इन्फेक्शन होईल" म्हणत सासूबाईंनी यांची गादी हॉलमध्ये टाकली, ती तिथेच राहिली.

सलाईन लावता लावता तुम्ही विचारलंत, "ताई, भाऊ रात्री झोपतात कुठे?"

मला आधी हसू आलं, मग रडू. तुम्ही पडदा ओढलात, यांना आत बोलावलंत आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगावं तशा आवाजात सगळं सांगून टाकलंत. कॅन्सर शिवल्याने, मिठी मारल्याने, जवळ आल्याने होत नाही. केमोनंतर काही दिवस औषधाचा अंश अंगातल्या स्रावांमध्ये असतो, म्हणून तेवढे दिवस निरोध हवाच. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कोरडेपणा येणारच, त्यात तुमची चूक नाही. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं जेल मिळतं. खोबरेल नको, त्याने निरोध फाटतो. हार्मोनचं क्रीम तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. यांचे कान लाल झाले होते, पण जेलचं नाव त्यांनी हळूच मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर ड्रेनच्या पिशवीत किती मिली पाणी आलं ते हे रोज सकाळी वहीत लिहायचे, तारखेसकट. मात्र टाक्यांकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, किळस येत असेल. तुम्ही त्यांना सरळ विचारलंत तेव्हा म्हणाले, "दुखेल म्हणून भीती वाटते." इतके महिने एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं.

मग तुमचा तो नियम. सुरुवातीला 'ते' नाहीच असं दोघांनी ठरवायचं आणि नुसतं हाताने बोलायचं: कुठे चालेल, कुठे नको. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० साली मांडलेली ही पद्धत, असं पुढे वाचनात आलं. आमच्याकडे ती तळपायाला तेल चोळण्यापासून सुरू झाली. काखेजवळची कातडी बधिर आहे, तिथे हात लागला की झिणझिण्या येतात. व्रणाच्या खाली मात्र बरं वाटतं. ते मला तोंडाने सांगावं लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही मी कधी सांगितलं नव्हतं. व्रण यांनी स्वतःहून पाहिला तो नंतर, दिवा चालू ठेवून.

पण खरी कमाल तुम्ही सासूबाईंपुढे केलीत. पुढच्या केमोला त्या सोबत आल्या, तर म्हणालात, "आजी, हिला रात्री १००.४च्या वर ताप आला तर लगेच हॉस्पिटलला कळवायचं असतं. शेजारी कुणी नको का?" त्याच संध्याकाळी सासूबाईंनी गादी उचलून आत आणली. वर मलाच बजावलं, "दाराला कडी लाव, पोरगं अभ्यास सोडून आत-बाहेर करतं." त्यांना काय कळलं होतं नि काय नाही, देव जाणे.

आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. अंगातून वाफा निघतात, कधी कधी नको नको वाटतं. तेव्हा मी "आज नको" म्हणते आणि हे गादी घेऊन हॉलमध्ये जात नाहीत. हे सगळं तुमच्यामुळे, सिस्टर. मनापासून आभार.

एखादी नवी पेशंट यावर बोलायला लाजत असेल तर माझा नंबर फाईलवर आहे, तिला खुशाल द्या. फक्त संध्याकाळी सातनंतर करायला सांगा, तोपर्यंत माझ्या शिकवण्या असतात.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीतली पेशंट
सिडको, नाशिक