गाडी कुठे वळवायची, ते आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाथर्डी फाटा परिसरात सध्या नव्या गृहप्रकल्पांचे मोठमोठे फलक लागले आहेत. त्यातल्या एकावर 'इंग्लंडच्या धर्तीवर निवांत उपनगरी जीवन' असे लिहिले असून खाली शाळा, दवाखाना, महामार्ग सगळे 'पाच मिनिटांवर' आहे. ही पाच मिनिटे कुणाची, ते मात्र लिहिलेले नाही. ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याची, हे उघडच आहे. माझी नोकरी एसटीत झाली, वाहतूक नियंत्रक म्हणून. लेक-जावई इंग्लंडात मँचेस्टरजवळ सेल या उपनगरात राहतात, त्यामुळे नुकताच तिकडे बराच मुक्काम घडला. तेव्हा ही धर्ती नेमकी कशी असते, ते लिहावेसे वाटले.

सेल हे मँचेस्टरच्या नैर्ऋत्येला, शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटरवर. लाल विटांचे ट्विन बंगले आणि रो-हाउस, पुढे वीतभर बाग, दारात कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे. कुठला डबा कुठल्या वारी बाहेर काढायचा हे जावईबापूंनी फ्रिजवर लिहून चिकटवले आहे. फलकवाले सांगणार नाहीत अशाही गोष्टी आहेत. संध्याकाळ झाली की बहुतेक दुकाने बंद. शेजारी हसून बोलतात, हवापाण्याची चौकशी करतात, पण सहज म्हणून कुणाच्या घरी जाऊन चहा घ्यायची रीत नाही. शिवाय घोटी-इगतपुरीला श्रावणात लागते तशी रिपरिप केव्हाही. बंगले, बाग, बंद दरवाजे हे सगळे पैसे ओतून नाशकात आणता येते, नव्हे, आलेच आहे.

पण सेल वाढले कशामुळे? मँचेस्टर ते आल्ट्रिंचम हा रेल्वेमार्ग १८४९ साली सुरू झाला तेव्हा तिथे शेतीवाडीच होती. गाडी सुरू झाली, मग शहरातले व्यापारी आणि कारकून राहायला आले, त्यांच्यामागे घरे उठली. त्याच मार्गावर १९९२ पासून मेट्रोलिंकची ट्राम धावते, दिवसा साधारण दर सहा मिनिटांनी. आपल्याकडे फ्लॅटचा ताबा आधी मिळतो, मग टँकर येतात, मग रस्ता होतो, आणि बस आलीच तर कुणीतरी हात धुऊन मागे लागल्यावर.

मला स्वतःला ट्रामपेक्षा तिथल्या बसचे अप्रूप अधिक. लंडन वगळता बाकी इंग्लंडातली बससेवा १९८६ साली बाजारावर सोडली गेली. ज्या कंपनीला जो मार्ग परवडेल तो तिने चालवावा, हा हिशेब. पुढे काय झाले हे एसटीतल्या माणसाला सांगायला नको. जिथे भारमान, म्हणजे गाडी भरण्याचे प्रमाण, चांगले तिथे गाड्यांमागे गाड्या, आणि रात्रीची फेरी, रविवारची फेरी, आडबाजूची वस्ती वाऱ्यावर. अखेर सप्टेंबर २०२३ पासून मँचेस्टर महानगराने टप्प्याटप्प्याने हा कारभार पुन्हा आपल्या हाती घेतला. सेलची पाळी जानेवारी २०२५ मध्ये आली. गाड्या चालवतात ठेकेदारच, पण मार्ग, वेळा आणि भाडे ठरवते सार्वजनिक यंत्रणा. पिवळी बस, तिच्यावर मधमाशीचे चिन्ह, आणि आम्ही होतो तेव्हा दोन पौंडांच्या तिकिटात तासाभरात कितीही बस बदलता येत. आपली नाशिकची शहर बससेवा, सिटीलिंक, जुलै २०२१ मध्ये सुरू झाली तीही साधारण याच पद्धतीने: कंपनी महापालिकेची, ठेकेदाराला पैसे किलोमीटरमागे. म्हणजे सांगाडा आपण त्यांच्याही आधी उभा केला.

मग फरक कुठे पडतो? आमच्या सौ.चे गुडघे दुखतात. सेलच्या थांब्यावर बस लागली की चालक बटण दाबतो आणि दाराची बाजू फुस्स करत पदपथाच्या जवळपास खाली येते. पायरी अशी चढावी लागतच नाही. म्हातारे माणूस सीटवर टेकेपर्यंत गाडी हलत नाही. उतरताना लहानथोर सगळे चालकाला 'थँक्यू' म्हणून उतरतात. (वाहक नाही, याची मात्र मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. डबल बेल द्यायला कुणी नाही, ती कसली गाडी!) काही दिवसांतच सौ. एकटी बस बदलून मँचेस्टरातल्या देशी दुकानांच्या विल्मस्लो रोडला जाऊ लागली आणि मेथीच्या जुड्या घेऊन येऊ लागली. इंग्रजीच्या नावाने तिचा आनंद आहे, पण घरापासून थांब्यापर्यंत सलग पदपथ होता आणि बस कधी येणार ते थांब्यावर लिहिलेले होते.

इथे तीच सौ. रिक्षा दारात आल्याशिवाय बाहेर पडत नाही. थांबा मुख्य रस्त्यावर. तिथवर जायचे तर उघडे चेंबर, वाळूचे ढीग आणि डंपर चुकवत. थांब्यावर रिक्षा लागलेल्या, म्हणून बस भर रस्त्यात उभी राहणार आणि पायरी गुडघ्याएवढी उंच. बस कॉलनीत आत का येत नाही, असे लोक मलाच विचारतात, जणू मी अजून ड्यूटीवर आहे. उत्तर साधे आहे. गाडी वळवायला जागा नाही. नऊ मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना मोटारी, आणि शेवटी भिंत. मिडी बस जरी आत घातली तरी वाहकाने मागे उभे राहून शिट्टी मारत ती रिव्हर्समध्ये बाहेर काढायची. कोणताही चालक एकदा जाईल, दुसऱ्यांदा शेड्यूलच बदलून मागेल. खेड्यातल्या मुक्कामी गाडीलासुद्धा पारापाशी वळायला जागा असायची हो!

नवा लेआउट मंजूर करताना ओपन स्पेस सोडायला लावतात, तशीच मोठ्या वसाहतीच्या तोंडाशी बस वळेल एवढी जागा, एक शेड, चालक-वाहकांसाठी स्वच्छतागृह आणि तिथून इमारतींपर्यंत सलग पदपथ, एवढे बिल्डरकडून आधी लिहून घ्यावे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची कामे निघाली आहेत, त्यांच्या नकाशात हे आत्ता बसेल. आणि सुरुवातीची दोन-चार वर्षे भारमान विचारू नये. रिकामी का होईना, गाडी ठरल्या वेळेला येत राहिली तर नवे बिऱ्हाड तिच्यावर विसंबते. एकदा मोटारीचा हप्ता सुरू झाला की तो प्रवासी आपला राहिला नाही. नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरांवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. ती येईल तेव्हा येईल.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असा एक मोकळा कोपरा अजून शिल्लक आहे. तिथे सभागृह बांधायचे घाटत आहे. टेप लावून जागा मोजली, गाडी कशी आत येईल, कुठून वळेल याचे रेखाटन करून संबंधित कार्यालयात अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
पाथर्डी फाटा, नाशिक