इसार देण्याआधी हे पत्र वाच

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, सकाळी

प्रिय दोस्ता,

गुरुवारी रात्री तुझा फोन ठेवला आणि झोप लागली नाही. इथल्या सातारा परिसरात घर बघितलंस, मालक थेट भेटला, मधे दलाल नाही म्हणून पैसे वाचतील, दसऱ्याला दोन लाख इसार द्यायचा. तू इतक्या आनंदात सांगत होतास की तेव्हा मला काही बोलवलं नाही. आता लिहितोय. राजा, हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तो इसार देऊ नकोस.

दलाल म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी का पडते, ते मला ठाऊक आहे. तुझे अण्णा अंबाजोगाईच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, तूर घेऊन जायचे आणि आडत्याची पट्टी हातात आली की घरी येऊन गप्प बसायचे. हमाली, तोलाई, आडत, सगळं कापून उरलेले पैसे काकूंच्या हातात ठेवायचे. ओसरीवर बसून आपण दोघांनी ते पाहिलंय. तुझा राग खरा आहे. पण मोंढ्यात भाव आडत्याला ठाऊक असायचा आणि अण्णांना नसायचा, म्हणून ते नाडले जायचे. आज या शहरात भाव, जागा, कागद सगळं त्या घरमालकाला ठाऊक आहे आणि तुला काहीच नाही. अण्णांच्या जागी तू उभा आहेस आणि तुझ्या बाजूला कुणी नाही.

2012 साली मीही असाच उभा होतो. ही गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती, बाबा गेल्यावर पूर्ण सांगायचं बळ नव्हतं. देवळाईकडे एक गुंठ्याचा प्लॉट, भाव 4 लाख 20 हजार. मालक गोड बोलणारा, चहा पाजणारा. एजंटाचे आठ-दहा हजार वाचवायचे म्हणून मी एकटाच गेलो आणि बाबांच्या निवृत्तीचे पैसे दिले. व्यवहार बाँडवर, नोटरीपुढे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय जमीन आपल्या नावावर होत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. पायाचे खड्डे खणायला माणसं लावली तेव्हा विकणाऱ्याच्या दोन बहिणी येऊन उभ्या राहिल्या. सातबाऱ्यावर त्यांचीही नावं होती, हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा दस्त, झालेलंच नव्हतं. बहिणींचं काही चुकलं नव्हतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच वाटा हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिलाय. चार वर्षं कोर्टात गेली, पैसे निम्मेही परत आले नाहीत. स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसायचं एवढीच बाबांची इच्छा होती. ते भाड्याच्या खोलीतून गेले.

म्हणून 2022 मध्ये पुन्हा घर शोधायला निघालो तेव्हा तुझ्या वहिनीनेच, माझ्या बायकोने, अट घातली, की जाणता माणूस सोबत असल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. बीड बायपासला छोटं ऑफिस असलेले एक एजंट काका मिळाले. पहिल्या दिवशी त्यांनी एकही घर दाखवलं नाही. पगार किती, कर्ज किती बसेल, आईचे गुडघे कसे आहेत, पोरीची शाळा कुठे, एवढंच विचारत बसले. तिसरं घर आम्हाला फार आवडलं. अंगणात कडुलिंब होता, आई तर तिथेच बसून राहिली. मी टोकन द्यायला खिशात हात घातला आणि काका म्हणाले, "दोन दिवस थांबा." दोन दिवसांनी त्यांनी सातबारा पुढे ठेवला. भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. निजामाच्या काळात उदरनिर्वाहासाठी दिलेली मदतमाश इनाम जमीन, हस्तांतराची परवानगी नाही, त्यासाठी सरकारला द्यायचा नजराणा भरलेला नाही. "बँक कर्ज देणार नाही, आणि दिलं तरी तुम्ही घेऊ नका," म्हणाले. आपल्या मराठवाड्यात अशा जमिनी ठिकठिकाणी आहेत. बाहेरून घर बघून काय कळणार? तो सौदा झाला असता तर काकांना त्यांचं कमिशन मिळालं असतं. ते सोडून त्यांनी आम्हाला मागे खेचलं. बाबांच्या वेळी असा एक माणूस हवा होता, असं त्या दिवशी सारखं वाटत राहिलं.

पुढचं घर त्यांनी मुद्दाम मे महिन्यात, भर दुपारी दाखवलं. शेजारच्या बाईंना माझ्यादेखत विचारलं, बोअर कधी आटतो, टँकर कितीचा, किती दिवसांनी. या शहरात नळाला पाणी किती दिवसांच्या अंतराने येतं ते तुला माहीत आहे, मग जिथे नळच पोचला नाही तिथे काय होत असेल! तू घर पाहिलंस ते पावसाळ्यात. विहिरी भरलेल्या असताना सगळीच घरं चांगली दिसतात.

शेवटी जे घेतलं त्याचे मालक 46 लाख म्हणत होते. काकांनी त्याच गल्लीतल्या अलीकडच्या तीन खरेदीखतांच्या सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचे किमतीसह सरकारी उतारे, काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. आवाज न चढवता 42 लाख 50 हजारांवर सौदा आला. मला हे जन्मात जमलं नसतं, मी तर त्यांच्या सोफ्यावर बसूनच लाजलो होतो. काकांची फी 1 टक्का, 42,500. खरेदीखत एकट्या बाईच्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. घर तुझ्या वहिनीच्या नावावर केलं आणि त्यांच्या फीएवढेच पैसे तिथे वाचले.

सगळेच असे असतात, असं मी म्हणणार नाही. काही जण मालकाकडूनही घेतात आणि तुझ्याकडूनही. म्हणून पहिल्याच भेटीत विचार, फी किती, कुणाकुणाकडून आणि कधी. माझं ऐकशील तर फी खरेदीखत नोंदल्यावरच दे. नव्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर एजंटाकडे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी असायलाच हवी, त्याचा क्रमांक ए अक्षराने सुरू होतो. तिथे करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेव. तू बघतोयस ते जुनं घर, तिथे रेराचा हा आधार नाही, म्हणून माणूस पारखूनच घ्यावा लागेल. आणि एजंट कितीही चांगला असला तरी वकील वेगळा कर, आपल्या ओळखीचा. 30 वर्षांचा सर्च, म्हणजे त्या जागेच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी, त्याच्याकडूनच करून घे.

तुझ्या घराबद्दल माझी खरी धास्ती गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांची, आहे. सातारा-देवळाईत कितीतरी घरं गुंठेवारीतली आहेत. गुंठेवारी कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मोकळी केली, पण सगळ्यांनी फाइल टाकलेली नाही. मालकाला नियमितीकरणाचं प्रमाणपत्र माग. "होऊन जाईल" म्हणाला तर तिथेच थांब.

काकांशी काल बोललोय. येत्या रविवारी ते मोकळे आहेत. तू शनिवारी मुक्कामालाच ये, वहिनींनाही आण, स्वयंपाकघर त्यांनी बघितलेलं बरं. मालकाकडून सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) आणि घरपट्टीची पावती मागून फोटो आजच पाठव. त्याने कागद द्यायला कां-कूं केलं तर तेही लगेच कळव. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे, आणि काकूंना नमस्कार सांगायला सांगितलाय.

तुझाच