कन्सोलमध्ये चिप बसवणाऱ्यांनी रजिस्टर ठेवावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गेम कन्सोलमध्ये चिप बसवणं म्हणजे चोरीच, असं आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललंय. बसवून घेणारा पण तसंच समजतो आणि बसवणारा पण, त्यामुळे दुकानात विचारलं की आवाज खाली येतो, बिल मिळत नाही, काम नक्की कोण करणार ते सांगत नाहीत, मशीन ठेवून जा उद्या या एवढंच. मी बोर्ड रिपेअरिंगचं काम करते आणि अशा ठिकाणी बिघडलेली मशीन नंतर माझ्याकडे येतात म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल पण विषय असा आहे की अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी चिप करते काय ते बघू. पहिलं प्लेस्टेशन 1994 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आलं, त्याच्या सीडीच्या सुरुवातीच्या भागात जो ट्रॅक असतो तो मुद्दाम किंचित हेलकावे खात गेलेला असतो आणि त्या हेलकाव्यात चार अक्षरं लपवलेली असतात, जपानची वेगळी, अमेरिकेची वेगळी, युरोपची वेगळी, आणि ती जुळली तरच मशीन सीडी चालवतं. घरच्या रायटरला हे हेलकावे काढता येत नाहीत कारण कोऱ्या सीडीवर ट्रॅक आधीच आखलेला असतो, तो त्याच्यावरूनच चालतो. लोकांना वाटतं सीडीची खालची बाजू काळी असते म्हणून कॉपी होत नाही, पण तसं काही नाही, लेझर इन्फ्रारेड असतो आणि त्याला तो काळा रंग आरपार दिसतो. तर चिप म्हणजे एक आठ पायांचा छोटा मायक्रोकंट्रोलर, तो मशीनला ती अक्षरं स्वतःच पुरवत राहतो, बस्स.

आता यात दोन गोष्टी एकदम होतात आणि सगळा घोळ तिथेच आहे. कॉपी केलेली सीडी चालते हे खरंच, पण जपानमधून दुकानात पैसे मोजून घेतलेली ओरिजिनल सीडीसुद्धा त्याच चिपमुळे चालते. पुण्यात जपानी शिकणारी मुलं किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, शिकायला किंवा नोकरीला जाऊन येतात, येताना तिकडचे जुने गेम घेऊन येतात, भाषेचा सराव पण होतो, आणि इथलं मशीन, जे बहुतेक वेळा कुणा मामा-काकांनी अमेरिकेतून किंवा युरोपातून आणलेलं असतं, ते सीडी घ्यायलाच तयार नाही. सीडी तुमची, मशीन तुमचं, दोन्हीचे पैसे दिलेत, आणि तरी चालत नाही. यात चोरी कुठे आहे ते मला कुणी समजावून सांगावं.

कायदा काय म्हणतो ते बहुतेकांनी वाचलेलंच नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं, त्यात संरक्षणाचं लॉक तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण कधी, तर हक्काचा भंग करायच्या हेतूने तोडलं तर. हेतू हा शब्द खासदारांनी उगाच घातलेला नाही. त्याच्याच पुढच्या पोटकलमात लिहिलंय की कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी असं काही केलं तर हे कलम आड येत नाही, फक्त दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल अशी माहिती आणि काम कशासाठी केलं याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे कायद्यानेच रजिस्टर ठेवायला सांगितलंय! आणि मी आजवर एकाही दुकानात असं रजिस्टर पाहिलेलं नाही, कारण सगळे आधीच स्वतःला चोर समजून बसलेत.

बाहेरच्या देशांत पण हा वाद कोर्टात गेलेला आहे. ऑस्ट्रेलियात 2005 साली तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या विरोधात आणि चिप विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, नंतर त्यांनी कायदा बदलला तो भाग वेगळा. अमेरिकेत कायदा बराच कडक आहे, तरी 2021 मध्ये कन्सोलचा बिघडलेला डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं लॉक काढायची सूट मिळाली, अट एवढीच की काम झालं की लॉक परत पहिल्यासारखं करायचं. आणि त्याच अमेरिकेत दुसऱ्यांचे गेम फुकट चालवायची साधनं विकून धंदा करणाऱ्या टोळीतल्या एकाला 2022 मध्ये चाळीस महिन्यांची शिक्षा झाली, ती पण योग्यच. हा फरक करता येतो, तो आपणही करावा एवढंच माझं म्हणणं आहे.

चोरून करायचं काम म्हटलं की ते घाईतच होतं आणि त्याचे परिणाम मी रोज बघते. पहिल्या प्लेस्टेशनला मोजक्याच वायरी लागतात, दुसऱ्या प्लेस्टेशनच्या बऱ्याच चिपना वीसच्या वर जोड असतात आणि त्यातले काही थेट आयसीच्या बारीक पायांवर. बोर्डावरचं तांबं फायबरला नुसतं चिकटवलेलं असतं, सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक जास्त वेळ टेकवून ठेवलं की ते सुटतं आणि पॅड, म्हणजे वायर जोडायची तांब्याची टिकली, उखडून वायरीबरोबर वर येतो, मग बोर्डावरची तांब्याची रेघ शोधत लांबून वेगळी वायर जोडत बसावं लागतं. उलट ग्राउंडच्या जागी मोठा तांब्याचा पट्टा सगळी उष्णता ओढून घेतो, तिथे घाई केली की ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, राहतं, दुकानात चालतं आणि घरी नेल्यावर बंद पडतं. जुन्या बोर्डावरचं शिशाचं सोल्डर 183 डिग्रीला वितळतं, पण 2006 मध्ये युरोपने शिशावर बंदी आणल्यानंतरच्या बोर्डांवरचं 217 च्या पुढे, हे माहीत नसलेला माणूस दोन्हीला एकच आयर्न एकाच टेंपरेचरला लावतो. आणि फ्लक्स तर कुणी वापरतच नाही. कल्हईवाला भांडं तापवून आधी नवसागर टाकून पुसतो मगच कथील फिरवतो, कारण स्वच्छ झाल्याशिवाय धातू कथील धरत नाही, फ्लक्सचं काम तेच आहे, फक्त बोर्डाला रोझिनचा म्हणजे राळेचा फ्लक्स लागतो, पत्र्याच्या कामाचा ॲसिडवाला लावला तर वर्षभरात पाय हिरवे पडून गळतात. मध्यंतरी एका मुलाचं मशीन आलं, त्यात चिप दोन बाजूच्या टेपने नुसती बोर्डावर चिकटवलेली, वायरी वीतभर लांब गुंडाळून कोंबलेल्या आणि झाकण लावताना एक वायर स्क्रूखाली चिरडलेली. पैसे घेणाऱ्याने बिल दिलं नव्हतं, त्यामुळे परत जाऊन भांडायची सोय नाही.

अशी मशीन मग भंगारात जातात. सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलं, चांगलंच आहे, पण चर्चा होते ती मोबाईल, ट्रॅक्टर, गाड्या यांचीच, घरोघरी माळ्यावर पडलेल्या कन्सोलचं नाव कुणी काढत नाही. लेझर गेलेली मशीन तर कितीतरी आहेत, त्यांना सीडीच्या जागी मेमरी कार्डवरून चालणारा बोर्ड बसवता येतो, ते पण सोल्डरिंगचंच काम, आणि आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मुलांना सरावाला याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार? तापकीर गल्लीत बारीक वायर, फ्लक्स, सोल्डर टिपून घ्यायची विक सगळं मिळतं, भंगारातले बोर्ड किलोवर मिळतात. शिकवणाऱ्यांनी त्या बोर्डांवर आधी पन्नासेक जोड करून घ्यावेत, खिडकी उघडी ठेवून, आणि शिशाला हात लागतो म्हणून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावून. चालू मशीनला हात त्यानंतरच.

दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे की रजिस्टर ठेवा आणि बिलावर स्पष्ट लिहा काय बसवलं ते. मी ठेवते. नाव, पत्ता, मशीनचा सिरियल नंबर आणि कशासाठी, चार रकाने आहेत, आणि नुसते कॉपी गेम चालवायचेत असं जो सांगतो त्याचं काम मी घेत नाही, गिऱ्हाईक जातं तर जातं. आपल्या वाचकांत कॉपीराइटचं काम बघणारे वकील नक्की असतील, या रजिस्टरमध्ये अजून काय लिहायला हवं, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यावी का आणि नोंद किती वर्षं जपावी हे त्यांनी आपल्या याच सदरात लिहून कळवावं.

आपली,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे